चिलखतात शिरावे कोठून?

आयर्न मॅन वाचायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न आम्हांला अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा साहित्याचे विद्यार्थी असतात. त्यांनी जॉन फॅवरो यांचा २००८चा चित्रपट पाहिलेला असतो, आणि पडद्यावरचा तो वाचाळ, हजरजबाबी, धनाढ्य टोनी स्टार्क कागदावर मुळात कसा आहे याचे त्यांना कुतूहल असते. प्रश्न साधा दिसतो, पण आहे तो संहितेविषयीचा. कादंबरीला पहिले पान असते. साठांहून अधिक वर्षे अनेक हातांनी लिहिल्या-रेखाटल्या गेलेल्या कथेलाही पहिले पान असते, मात्र तेच तिचे दार असते असे नाही. महाभारत ठाऊक असलेल्या किती जणांनी ते आदिपर्वापासून ऐकले आहे?

शिवाय प्रकाशकांनी घोळ घालून ठेवलेला आहे. १९६८ साली सुरू झालेली स्वतंत्र मालिका १९९६ पर्यंत ३३२ अंक चालली आणि त्यानंतर तिची गणती पुन्हा एकपासून सुरू झाली. मग १९९८ मध्ये पुन्हा एक, २००५ मध्ये पुन्हा एक, २००८ मध्ये पुन्हा एक, आणि पुढेही हा खेळ थांबला नाही. ‘अंक पहिला’ हे शब्द येथे आरंभ सुचवत नाहीत, विक्री सुचवतात. तेव्हा क्रमांकावर विसंबून चालणार नाही.

कालक्रमाचा आग्रह धरणारे म्हणतील, मार्च १९६३चा ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’चा ३९वा अंक घ्या. स्टॅन ली यांचे कथाबीज, लॅरी लीबर यांचे लेखन, डॉन हेक यांची चित्रे, मुखपृष्ठ जॅक कर्बी यांचे. शस्त्रास्त्रांचा कारखानदार व्हिएतनाममध्ये जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडतो, हृदयाशी पोहोचू पाहणाऱ्या लोखंडी कपच्यांना रोखण्यासाठी यिन्सेन नावाच्या वृद्ध शास्त्रज्ञाच्या मदतीने चिलखत घडवतो आणि त्याच चिलखताच्या बळावर सुटतो. कल्पना विलक्षण आहे. पण ती उमेदवाराला पहिल्या दिवशी वाचायला देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शीतयुद्धाचा प्रचार तीत उघडावाघडा आहे, वाँग-चू हा खलनायक म्हणजे वांशिक व्यंगचित्र आहे, आणि नायक अजून माणूस झालेला नाही. नव्या वाचकाला तीत केवळ जुनेपणा दिसेल व तो हसून बाजूला ठेवील. तिचे वाचन नंतरसाठी राखून ठेवावे.

आम्ही दार दाखवतो ते १९७९चे. अंक १२० ते १२८. लेखन डेव्हिड मिशेलिनी यांचे, कथानकात व रेखाटनात बॉब लेटन यांचा वाटा, चित्रे जॉन रोमिटा ज्युनिअर यांची. शेवटच्या अंकाच्या शीर्षकावरून आता ही सारी मालिका ‘डेमन इन अ बॉटल’ या नावाने ओळखली जाते. वरवर पाहता येथेही नेहमीचेच चालले आहे. जस्टिन हॅमर नावाचा प्रतिस्पर्धी उद्योगपती दूरवरून चिलखताचा ताबा घेतो, आणि जमावासमोर त्या हातातून सुटलेल्या किरणाने एका राजदूताचा बळी जातो. पण त्या खाली दुसरी कथा हळूहळू झिरपत असते. विमानात एक पेला, मेजवानीत एक, काम संपल्यावर आणखी एक. आधीच्या अंकांत जो पेला श्रीमंतीची सजावट म्हणून हातात होता, त्याच्याकडे लेखक आता निराळ्या नजरेने पाहू लागतात. जार्व्हिस हा बटलर स्वाभिमान दुखावला जाऊन राजीनामा देतो, तो प्रसंग कोणत्याही सामाजिक कादंबरीत शोभावा. १२८व्या अंकात तर नायक नशेत उडून जातो व रुळांवरून घसरलेल्या गाडीला मदत करताना क्लोरिन वायूची टाकी फोडून बसतो. लोकांना वाचवायला आलेला मनुष्यच लोकांवरचे संकट होतो.

हे सारे मान्य करूनही या मालिकेचा शेवट आम्हांला घाईचा वाटतो. बेथनी केब ही मैत्रीण आपल्या व्यसनाधीन पतीची हकीकत सांगते, नायक काही पानांत व्यसनाशी झुंजतो, क्षमा मागतो, आणि ओठांशी आलेला पेला खाली ठेवतो. एकाच अंकात! दारू अशी सुटत नसते.

येथे थोडे खासगी बोलणे भाग आहे. आमच्या एका निकटच्या स्नेह्याचे मद्यपान आम्ही दहा-बारा वर्षे पाहिले. त्यानेही एकदा पेला असाच खाली ठेवला होता. त्या दिवशी घरात सत्यनारायण घालण्याची भाषा झाली होती. दीड वर्षानंतर, सांगण्यासारखे काही कारण नसताना, तो पुन्हा प्याला. पहिल्या वेळी धावून आलेल्यांपैकी निम्मे लोक दुसऱ्या वेळी आले नाहीत. तो आता नाही. समीक्षेत असे दाखले आणू नयेत असा संकेत आहे, आणि एरवी आम्ही तो पाळतोही.

म्हणूनच आमची शिफारस १२८व्या अंकापाशी थांबत नाही. तेथून थेट डेनिस ओ’नील यांच्या पर्वात जावे, म्हणजे १९८२ नंतरच्या अंकांत. ओ’नील स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेले होते, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. त्यांनी केलेली गोष्ट धाडसाची होती: सुटलेली दारू त्यांनी नायकाला पुन्हा लावली. ओबडाया स्टेन हा शत्रू त्याच्यावर चिलखत घालून चालून येत नाही. तो त्याच्या आयुष्यात एक स्त्री पेरतो, तिच्याकरवी त्याचे मन मोडवतो आणि मग शांतपणे त्याची कंपनी गिळतो. चिलखत जेम्स ऱ्होड्स या कृष्णवर्णीय मित्राच्या अंगावर जाते (१९८३ साली ही लहान गोष्ट नव्हती), आणि मालिका आयर्न मॅनची राहूनही टोनी स्टार्क तीत रस्त्यावरचा भणंग होऊन जातो. हे दोन अंकांचे नाटक नाही. महिनोन्महिने, अंकामागून अंक, तो खाली जात राहतो. मासिक प्रकाशनाची सक्ती, जी एरवी अशा कथांना पातळ करते, तीच येथे आशयाच्या कामी आलेली आहे. व्यसनाचा काळ असाच कंटाळवाणा आणि लांबलचक असतो.

१८२वा अंक (मे १९८४, चित्रे ल्यूक मॅकडॉनेल) हा या पर्वाचा गाभा. न्यूयॉर्कमध्ये हिमवादळ, आडोशाला स्टार्क आणि त्याच्यासारखीच दारूत बुडालेली ग्रेटल नावाची गरोदर स्त्री. मूल जन्मते, आई जगत नाही, आणि तो त्या अर्भकाला स्वतःच्या अंगाच्या उबेत धरून रात्र काढतो. येथे चिलखत नाही. ते हवे होते तेव्हा नव्हते, आणि कथेला त्याची उणीवही भासत नाही. आमच्या स्नेह्याच्या पश्चात हा अंक आमच्या वाचनात आला. एका बैठकीत तो पुरा करता आला नाही. पण १२८वा अंक आधी वाचलेला नसेल तर १८२व्याची किंमत कळणार नाही, कारण मोडलेल्या शब्दाचे दुःख तो शब्द दिला जाताना पाहिलेल्यालाच होते. क्रमाबाबतचा आमचा आग्रह एवढ्यापुरताच.

१९८७-८८ची ‘आर्मर वॉर्स’ सवडीने वाचावी. आपले तंत्रज्ञान चोरून भलत्यांच्या हाती गेले म्हणून मित्र-शत्रू न पाहता सुटलेला नायक तीत आहे. वेगवान आहे, पण दोनदा वाचावी अशी नव्हे.

चित्रपटाच्या वाटेने आलेल्यांना ‘एक्स्ट्रीमिस’ (२००५-०६, वॉरन एलिस व आदी ग्रानोव्ह) सोपी जाईल. जन्मकथा तीत व्हिएतनाममधून अफगाणिस्तानात हलवलेली आहे. पुढे २०१९ मध्ये तर ती सियानकाँग नावाच्या काल्पनिक देशातच नेण्यात आली. नायकाचे वय वाढू द्यायचे नसले की इतिहासाला असे सरकावे लागते. ‘एक्स्ट्रीमिस’च्या आरंभी एक माहितीपटकार स्टार्कला त्याच्या शस्त्रांचा जाब विचारतो, आणि स्टार्क उलट त्यालाच विचारतो की इतकी वर्षे जगाची दुःखे दाखवून तुम्ही काय बदलले. या प्रश्नावर वर्गात उत्तम चर्चा होते, असा आमचा अनुभव आहे. शेवटी तो चिलखताचा आतला थर शरीरात, हाडांच्या पोकळीत साठवू लागतो. कर्णाने अंगची कवचे कापून दिली होती. हा बाहेरचे कवच अंगात मुरवून घेतो.

आणि मग, हे सगळे झाल्यावर, १९६३कडे वळावे. त्या आरंभीच्या कथांत एक तपशील पुनःपुन्हा येतो: छातीवरच्या पत्र्याची वीज संपत आली की अब्जाधीश कारखानदार धडपडत भिंतीतला सॉकेट शोधतो व स्वतःला तेथे जोडून घेतो. पाहणाऱ्यांना कळू द्यायचे नाही, म्हणून दार लावून.