पैलतीर नसलेली नाव

मराठी कवितेत नावा पुष्कळ आहेत, पण त्यांत कोणी राहत नाही. संतांच्या रचनांत नाव येते ती भवसागर ओलांडण्यासाठी. नावाडी कधी विठ्ठल असतो, कधी सद्गुरू. ऐलतीरावर चढायचे, पैलतीरावर उतरायचे, की नावेचे काम संपले. आधुनिकांनी समुद्राचा अर्थ बदलला, नावेचा फारसा नाही. 'कोलंबसाचे गर्वगीत' मध्ये कुसुमाग्रजांचे जहाज अनंताला आव्हान देत पुढे निघालेले आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या कवितेत समुद्र हा परत नेण्याचे वचन न पाळणारा सोबती आहे. सगळीकडे प्रश्न पोहोचण्याचा, किंवा न पोहोचण्याचा. 'तारू', 'तरणे', 'तारणे', 'तारक' हे शब्द ज्या धातूतून निघाले त्याचा अर्थच ओलांडणे असा असल्यामुळे कवींना तरी दोष कसा द्यावा? भाषेनेच नावेला वाहन करून ठेवले आहे.

हे सारे मी वर्गात अनेक वर्षे शिकवले, आणि शिकवताना ते मला कधी अपुरे वाटले नाही. ते अपुरे वाटू लागले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातले आंधळगाव हे त्याचे गाव, आणि माझेही. अरबी समुद्र इथून सातशे किलोमीटरांवर. गाव कोष्ट्यांचे, कोशाच्या कापडाचे. आमच्याकडे 'काठ' म्हटले की आधी लुगड्याचा काठ डोळ्यांपुढे येतो, नदीचा नंतर. हा मुलगा करवतकाठी विणणाऱ्या घरातला. गेली नऊ वर्षे तो गोव्यात मांडवीच्या काठी, नौका बांधण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात फायबरचे काम करतो. त्या आवारात तीन वर्षे टेकूंवर उभी असलेली एक शिडाची नौका त्याला नाममात्र किमतीत मिळणार होती. सत्तरच्या दशकात इंग्लंडात बांधलेली, अठ्ठावीस फुटी, आत चार माणसे निजू शकतील अशी. मालक परदेशी, वयोवृद्ध, आता परतून येणार नव्हता. सीमाशुल्काचे आणि बंदर कप्तानाकडचे कागद एकदा पुरे झाले की मुलगा भाड्याची खोली सोडून तिच्यात राहायला जाणार होता. फिरायला नव्हे, राहायला.

त्याची आई माझ्याकडे आली. "घर नाई का गुरुजी त्याले? पान्यात कोनी रायते का?" तिचे म्हणणे एवढेच होते, आणि मी त्याला समजवावे ही अपेक्षा. तिचे भय पुस्तकी नव्हते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यात काय केले ते तिने पाहिले होते. पाणी घरात शिरते तेव्हा माणूस घर सोडतो. हा पोरगा घर सोडून पाण्यात शिरतो म्हणत होता.

समजवण्यापूर्वी आपल्याला काही कळले पाहिजे म्हणून मी वाचायला बसलो. (मास्तरकीचा हा रोग निवृत्तीनंतरही जात नाही.) वाचता वाचता लक्षात आले की जगाच्या नौकानयनाच्या इतिहासात जुन्या, दुसऱ्याने टाकून दिलेल्या नौकेचे स्थान आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठे आहे. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. शिडांचे युग संपत आलेले, हा कप्तान बेकार. १८९२ साली एका परिचिताने त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनची एक नौका देऊ केली. जाऊन पाहतो तो नौका कुरणात! पाण्यापासून दूर, टेकूंवर, ताडपत्रीखाली कुजत पडलेली. लोकांना वाटले, हा आता ती मोडून लाकूड नेणार. त्याने जवळच्याच कुरणातला ओक तोडला आणि तेरा महिन्यांत एकेक फळी बदलत ती पुन्हा बांधली. साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. १८९५ साली तो बॉस्टनहून निघाला आणि १८९८ साली छत्तीस फूट नऊ इंचांच्या त्या 'स्प्रे' मधून परतला. सगळ्याच फळ्या नव्या, मग नौका जुनी कशी, हा प्रश्न त्यालाही पडला होता. त्याचे उत्तर व्यवहारी खलाशाचे आहे: टप्प्याटप्प्याने दुरुस्त होत गेलेले जहाज तेच राहते. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी थेसिअसच्या जहाजाचा दाखला देतील. मला मात्र गाथेच्या पोथ्या आठवल्या. लेखनिक बदलला, ओळ बदलली, शब्द नवा आला, तरी आपण म्हणतो तुकोबांचा अभंग.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे, आणि ते साहित्याच्या माणसांना सहसा ठाऊक नसते. थांबा न घेता एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली नौका 'सुहैली' ही मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात, इथल्या सुतारांनी सागवानात घडवलेली. बत्तीस फुटांची, दोन्ही टोकांना निमुळती, नॉर्वेच्या बचाव-नौकांच्या घाटाची. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण व्यापारी जहाजावरचा अधिकारी; १९६५ च्या अखेरीस तो तिच्यातून मुंबईहून निघाला आणि १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचला. पुढे प्रदक्षिणेसाठी त्याला नवी, वेगवान नौका हवी होती. तिच्यासाठी पैसे उभे राहीनात, तेव्हा नाइलाजाने तो याच मंद, जुन्या वळणाच्या नौकेतून निघाला. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९, तीनशे बारा दिवस. शर्यतीत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती एकट्या 'सुहैली' ने.

पण मला अधिक मोलाचा वाटतो तो तिचा उत्तरकाळ. १९९७ साली ती ग्रीनविचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. सन्मानाची जागा, नियंत्रित कोरडी हवा. त्या हवेत सागवानाच्या फळ्या आकसू लागल्या. सांधे उघडे पडू लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने तिला २००२ मध्ये बाहेर काढले आणि पुढे सावकाश डागडुजी करून पुन्हा पाण्यात घातले. हे वाचताना मला आमच्याकडचे ढिवर आठवले. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी हटू लागले की ते डोंगा दगड भरून पाण्यात बुडवून ठेवतात, लाकूड तडकू नये म्हणून. तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला जे दिसते ते संग्रहालयाला इतक्या उशिरा का दिसावे! असो.

हे मी फोनवर विद्यार्थ्याला मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा तो हसला. "सर, आपली फायबरची आहे. तिचं उलटं असते." लाकूड सुकून मरते आणि फायबर पाणी पिऊन. जुन्या फायबरच्या कायेत वर्षानुवर्षे पाणी झिरपते, आतल्या रसायनात मिसळते आणि पाण्याखालच्या अंगावर फोड उठतात. फोड फोडायचे, तासायचे, महिनोन्‌महिने वाळू द्यायचे, मग नवा लेप. तीन वर्षे टेकूंवर उभी असणे ही त्या नौकेची अडगळ नव्हती, तिचे औषध होते.

पुढचे दोन महिने तो मला दर रविवारी त्या नौकेची तपासणी ऐकवत असे, आणि मी ती वहीत उतरवत असे. मडके वाजवून घ्यावे ही म्हण आपण मुलांना लिहायला देतो. तो अख्खी नौका वाजवत होता. लाकडी हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकायचे. टणक, चढा आवाज आला तर थर एकजीव. बोदा आवाज आला तर आत सुटलेले. डेकवरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असते, ते कुजले की पायाखाली जमीन दबल्यासारखी वाटते. डोलकाठीला तोलून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत दिसल्या तरी त्यांवर विसंबायचे नाही. दहा-पंधरा वर्षे झाली की बदलायच्या. तळाशी पाणी आत-बाहेर सोडणारे झडपांचे तुकडे खरवडून पाहायचे. पितळातले जस्त समुद्राने खाल्ले असेल तर आतून गुलाबी रंग दिसतो, आणि असे पितळ हाताने मोडते. नौका बुडते ती वादळात असे आपण कादंबऱ्यांत वाचतो. पुष्कळ नौका धक्क्याला बांधलेल्या असताना असल्या एका तुकड्यापायी बुडतात, हे मला त्या वहीमुळे कळले.

तिच्या तळाला एक कणा नसून दोन आहेत, आणि त्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा गुण हाच. ओहोटी लागली की ती कलंडत नाही, दोन पायांवर चिखलात उभी राहते. खोल पाण्याच्या महागड्या धक्क्याची गरज नाही. खाडीच्या आत, खारफुटीच्या आडोशाला ती बसून राहील आणि भरती आली की उचलली जाईल. वाऱ्याच्या तोंडावर चालायला अशी नौका जडच. "पण मला कुठं जायचं आहे सर?" असे तो म्हणाला. जून ते सप्टेंबर ती खाडीबाहेर काढायचीच नाही, नारळी पौर्णिमेनंतरही घाई करायची नाही, हे त्याने आधीच ठरवले होते. हिवाळ्यात सुट्टी मिळाली तर काठाकाठाने मालवणपर्यंत, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

"मला कुठं जायचं आहे" या वाक्याने माझे वर्गातले सारे विवेचन अडले. नाव आहे, पाणी आहे आणि पैलतीर नाही. ती कोलंबसाची नव्हे, भक्ताचीही नव्हे. गोव्यात खोलीचे भाडे त्याच्या पगाराचा मोठा वाटा खाते, हे त्याचे साधे कारण. त्याच्यामागे आणखी एक कारण असावे असे मला वाटते. तो ज्या घरात वाढला ते घर मी पाहिले आहे. पुढल्या खोलीत खड्डा, खड्ड्यात माग. उरलेल्या जागेत माणसे. निजायचे ते ताण्याच्या बाजूला अंग चोरून, भांडी फळीवर, सूत आढ्याला टांगलेले, आणि प्रत्येक वस्तूला एकच जागा, कारण ती तिथे नसली तर रात्री कोणीतरी तिच्यावर पाय देणार. अठ्ठावीस फुटांच्या नौकेत राहायला जी शिस्त लागते ती या मुलाने पाळण्यातच शिकलेली होती. बंगल्यात वाढलेला माणूस तिथे महिनाभर टिकेल का, याची मला शंका आहे.

मागावर करवतकाठी विणताना तीन धोटे लागतात: एक अंगाचा, दोन काठांचे. धोट्याला जर्मन भाषेत 'छोटे जहाज' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि फ्रेंच शब्दही जहाजावरूनच आलेला. त्याचा उच्चार मराठी कानाला थेट 'नावेत' असा ऐकू येतो. लॅटिनमधली जहाजवाचक संज्ञा आणि आपली 'नौ' सख्ख्या बहिणी. धोटा एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो आणि परत येतो. तो कुठेही पोहोचत नाही, आणि कापड मात्र होते. हे मी त्याच्या वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "मास्तर, धोट्यात कोनी झोपत नाई." उत्तर बरोबर होते.

मी त्याला परावृत्त केले नाही. आईला मात्र सगळे सांगितले, गोड न करता: पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, उशीला बुरशी येते, पिण्याचे पाणी डब्यांतून न्यावे लागते, संडासाची झडप नीट बंद केली नाही तर समुद्र आत येतो, आणि रात्री दोर कुरकुरला की उठून पाहावे लागते. तिने शेवटचे तेवढे लक्षपूर्वक ऐकले. मागाचा दोर कुरकुरला की ती झोपेतून उठते, हे तिनेच मग सांगितले. होकार तिने दिला नाही. निजायची जागा किती लांब-रुंद आहे, एवढे विचारले.

ती जागा नौकेच्या नाळेत असते, म्हणून त्रिकोणी. डोक्याकडे रुंद, पायांकडे निमुळती. मुलाने वर्तमानपत्रे चिकटवून तिचा साचा कापला आणि टपालाने पाठवला. मागच्या खोलीत तो पसरला तेव्हा त्याचे टोक मागाच्या खड्ड्यावर आले. वडील बराच वेळ त्याकडे पाहत उभे राहिले. मागावर निघते ते सारे चौकोनी. त्रिकोण विणता येत नाही. कापला तर अर्धे कापड वाया. मग त्यांनी साचा उचलला, उलटा केला, आणि पहिल्याच्या अंगाला लावून ठेवला.

"आडवा कापला तं एका तुकड्यात दोन निघतेत," ते म्हणाले.

"दोन कायले?" आई म्हणाली.

"एक ओला रायल, तवा दुसरा."