मागच्या सीटवरचा वास

अम्मींना गाडी लागते, हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेहून कोल्हापूरला निघालो, की सफरची दुआ पढायची, तसबीह हातात घ्यायची आणि अंकलीचा पूल मागे पडेपर्यंत पदर नाकाला लावायचा, हा त्यांचा ठरलेला क्रम. "बू आरी बेटा, पेट्रोल की," त्या म्हणायच्या. मी स्टिअरिंगवर, हे माझ्या शेजारी. आम्हा दोघांना कसलाच वास येत नसे. मग लिंबू, आल्याची वडी, उलटीची गोळी. "गाडी जुनी आहे अम्मी, थोडा वास यायचाच," असं मीच एकदा म्हणाले होते. ते वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी धाकटी मुलगी अम्मींजवळ मागे बसली आणि जयसिंगपूर येण्याआधीच डोकं दुखतंय म्हणू लागली. परतीच्या वाटेवर मी यांना गाडी चालवायला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. पाच मिनिटांत कळलं. अम्मींना गाडी लागत नव्हती. आम्ही त्यांना पेट्रोलच्या वाफेत बसवत होतो, तेही वर्षभर.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, इंजिनजवळचा पेट्रोलचा रबरी पाइप कडक झालाय म्हणाला, पाइप आणि क्लिपा बदलल्या, बिल घेतलं. वास गेला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा नेली, तर म्हणाला, "मॅडम, मला तर वास येत नाही." खरंच, त्या दिवशी येत नव्हता.

मुलगा एखादं गणित कधी बरोबर सोडवतो, कधी चुकवतो, तेव्हा आम्ही शिक्षक वही तपासतो. तसंच केलं. जुन्या वहीत रोज लिहू लागले: टाकीत पेट्रोल किती, वास आहे की नाही, पुढे की मागे, सकाळी की चालवल्यावर. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवायचे. पुठ्ठ्यावर कधीच डाग पडला नाही, म्हणून हे म्हणाले, गळती नाहीच. पण पेट्रोल थेंबभर असेल तर खाली पोहोचण्याआधीच उडून जातं. पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नव्हता.

तीन आठवड्यांत वहीने उत्तर दिलं. टाकी फुल केली त्या दिवशी वास हमखास, तोही मागच्या सीटवर. पाव टाकी संपली की वास गायब. म्हणजे गळती टाकीच्या वरच्या बाजूला असणार, पेट्रोल काठोकाठ असतानाच जिथे पोहोचतं तिथे. पाइप बदलल्यावर वास 'गेला' होता, कारण तेव्हा टाकी अर्धी होती! इंजिनकडचा पाइप गळत असता, तर टाकीत कितीही पेट्रोल असो, गाडी सुरू झाली की वास आला असता, कारण पंप त्या पाइपात सतत दाब ठेवतो.

वही घेऊन दुसऱ्या एका मिस्त्रींकडे गेले. वयस्क माणूस, सगळे चाचा म्हणतात. त्यांनी वही वाचली, बॉनेटला हातही लावला नाही, सरळ मागची सीट उचलली. खाली एक गोल झाकण, झाकणाखाली पेट्रोलच्या पंपाचं तोंड, आणि भोवतीची धूळ ओली, काळी. आमच्या गाडीत पंप टाकीच्या आतच असतो. तो जिथून आत सोडतात तिथे रबराची एक रिंग असते. ती कडक होऊन चिरली होती. अम्मी वर्षभर नेमक्या त्याच्यावर बसत होत्या.

चाचांनी त्या दिवशी काम केलं नाही. "टाकी पाव होऊ दे, मग ये. तोवर आम्मांना मागे बसवू नकोस." गेले तेव्हा गाडी उघड्यावर लावली, पोराच्या हातातली बिडी विझवायला लावली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि धूळ टाकीत पडू नये म्हणून आधी सगळं पुसून घेतलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती खाली साचून राहते आणि थंडीतही पेट घेते. दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. पोरगा म्हणाला, सिलिकॉन लावून भागवू. चाचांनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, चार दिवसांत सुटतं. नवी रिंग दोनशे रुपयांच्या आतली. पहिल्या वेळचं बिल किती झालं होतं, ते इथे लिहीत नाही.

टाकी भरण्याच्या तोंडापासूनचा मोठा रबरी पाइपही त्यांनी तपासला, कारण तो चिरला तरी लक्षण हेच. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या गाड्यांच्या रबराला मानवतंच असं नाही. मग टाकी फुल करून, एक फेरी मारून, सीट पुन्हा उचलून पांढरं फडकं फिरवलं. कोरडं.

वर्गात मी दरवर्षी मुलांना उंट बांधून मग अल्लाहवर भरोसा ठेवण्याची गोष्ट सांगते. अम्मी दुआ पढत होत्या, वासही सांगत होत्या. उंट बांधायचं काम माझ्याकडे होतं.

चाचांनी जाताना आणखी एक सांगितलं: नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं. 'राउंड फिगर'साठी वरून ओतलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो निकामी होतो. परवा पंपावर मुलाने विचारलं, "दोन हजार पूर्ण करू का मॅडम?" मी तोंड उघडायच्या आत मागून अम्मी म्हणाल्या, "नको बेटा, बस कर."