रात्री किती वेळा उठता?

मी शिवणकाम करते. स्वतःचेच ब्लाउज टीप मारून आत घ्यायची वेळ आली, तेव्हा मनात एकच आलं. मालकांचंही असंच सुरू झालं होतं. ते गेले तेव्हा सरकारी दवाखान्यात एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, नव्हती. ती २००४ साली आली आणि तिच्यावर मी जगले. आता आपली पाळी, असं धरून मी गप्प राहिले. थुंकी तपासली, टीबी नव्हता. रक्तातला विषाणू, म्हणजे व्हायरल लोडही दबलेला.

एआरटी सेंटरच्या समुपदेशक ताई गोळ्या मोजत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "अक्का, रात्री लघवीला किती वेळा उठता? तहान लागते?" उशाचा तांब्या पहाटेपर्यंत पुरत नाही, मी म्हणाले. त्यांनी पेन ठेवलं. "उद्या उपाशीपोटी या."

साखर दोनशेच्या वर निघाली.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. एचआयव्हीचा विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह राहतो. माझे गाल बसवणाऱ्या स्टॅव्ह्युडिन या जुन्या एआरटी गोळीनं इन्सुलिनचं कामही बिघडवलेलं असू शकतं. शिवाय वय, आणि आईचा मधुमेह. आमच्यासारख्यांत तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, कधी कधी खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून उपाशीपोटीची तपासणी सोडायची नाही.

पुढे शहरातल्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि माझे पाय उचलेनात. पूर्वी एका दवाखान्यात मला बाकावरून उठवून दाराबाहेर बसवलं होतं. ताई म्हणाल्या, "सांगायचं की नाही हे तुमच्या हातात, कायदाही तेच म्हणतो. पण त्यांना तुमच्या एआरटीतल्या डोलुटेग्राव्हिरचं नाव कळायलाच हवं." ड्यूटी संपल्यावर त्या स्वतः सोबत आल्या, बाकावर मला चिकटून बसल्या. साखर उतरेना म्हणून डॉक्टर आधीच सुरू असलेली मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, वाढवायला निघाले होते. माझी एआरटीची हिरवी पुस्तिका त्यांनी वाचली आणि लिहिलेला आकडा खोडला. डोलुटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं. दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नको, म्हणाले. दुसरी गोळी जोडून दिली.

ताईंची नोकरी कंत्राटी. पगार लांबला तरी त्या खुर्चीवर असायच्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे ब्लाउज मी शिवले. शिलाई घेणार नाही म्हटलं, तर पैसे माझ्या मशीनच्या खणात ठेवून गेल्या.