सहावीचं दुसरं सत्र

सहावी हे तसं बिचारं वर्ष. दहावीला घरात कर्फ्यू, बारावीला सीईटी-नीटचा घोष. सहावीला काय? स्कॉलरशिपसुद्धा नाही. सहावीतल्या मुलाला लोक "काय रे, अभ्यास कसा चाललाय?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पोह्यांच्या डिशकडे वळतात.

माझी भाची 2024-25 मध्ये सहावीला होती. पुण्यातली शाळा, राज्य मंडळ, मराठी माध्यम. मार्च 2025 मधले बरेचसे शनिवार-रविवार मी ताईकडे होतो, त्यामुळे वर्ष संपता संपता सहावीत काय शिकवतात ते अनायासे बघायला मिळालं.

आणि मंडळी, पुस्तकं खरंच चांगली आहेत. विज्ञानात तरफ, कप्पी, उतरण अशी साधी यंत्रं, मग ध्वनी, प्रकाश, चुंबक आणि सगळ्यात शेवटी 'विश्वाचे अंतरंग'. म्हणजे स्क्रू ड्रायव्हरपासून निघून आकाशगंगेपर्यंत, एका सत्रात. गणितात समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा, बँक व सरळव्याज. विचार करा, नोकरी लागल्यापासून तुम्ही-आम्ही जेवढं गणित रोजच्या आयुष्यात वापरलं, त्यातलं बहुतेक इथंच तर आहे. अप्रेझलचे टक्के, फ्लॅटचा दर, हॉटेलचं बिल पाच जणांत वाटणं. फक्त सरळव्याजाला 'सरळ' का म्हणतात ते होमलोनचं पहिलं स्टेटमेंट हातात पडल्यावर कळतं!

पण मला सांगायचंय ते नागरिकशास्त्राबद्दल. इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेला बारीकसा भाग, पाचच पाठ. आधी समाज, मग ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद, मग शहराचा कारभार, शेवटी जिल्हा प्रशासन. आपण सगळ्यांनी हे परीक्षेच्या आदल्या रात्री उरकलेलं असतं.

तर झालं असं की बाईंनी एक छोटा प्रकल्प दिला. आपल्या प्रभागाचं नाव, नगरसेवकांची नावं आणि त्यांनी केलेली दोन कामं लिहून आणा.

"मामा, आपला नगरसेवक कोण?"

सोपा प्रश्न. खाली चौकातच चार फ्लेक्स लागले होते. दोघांच्या नावापुढे 'मा. नगरसेवक', एकाच्या पुढे 'भावी नगरसेवक', चौथ्यावर नुसताच वाढदिवस. आता मराठीत 'मा.' म्हणजे माननीयही होतं आणि माजीही. ही सोय ज्याने कोणी शोधली त्याला साष्टांग नमस्कार.

"हे माजी आहेत."

"मग आत्ताचे?"

"आत्ता कोणीच नाहीत गं."

तिला वाटलं मी टाळतोय. पण खरंच कोणी नव्हतं. आधीची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. तेव्हाच्या नगरसेवकांची मुदत 14 मार्च 2022 ला संपली. त्यानंतर ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद सर्वोच्च न्यायालयात अडकले आणि आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघू लागले. नुसतं पुण्यातच नाही, मुंबई, ठाणे, नागपूर, नाशिक, सगळीकडे हेच. मुदत संपली तेव्हा भाची तिसरीत होती. ती तिसरीची सहावी झाली, इकडे सभागृह रिकामंच.

"आयुक्तांना कोणी मत दिलं?"

"त्यांना मत देत नाहीत. राज्य सरकार नेमतं."

"मग तक्रार कोणाकडे करायची?"

"ऑनलाइन करतात."

"हो, पण कोणाकडे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे असं आहे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, मग ते 16 नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे जातं, मग मुख्य सभेपुढे. म्हणजे एकाने कोड लिहायचा आणि बाकीच्यांनी रिव्ह्यू करायचा. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. स्वतःच कोड लिहा, स्वतःच ॲप्रूव्ह करा, स्वतःच मर्ज मारा. मार्च 2025 च्या सुरुवातीला पुण्याचं साडेबारा हजार कोटींच्या वरचं अंदाजपत्रक असंच मंजूर झालं. माणूस प्रामाणिक असेलही, पण म्हणून कोणती कंपनी असा रेपो चालवेल?

मग शतमानाचा धडा कामाला आला. पाच वर्षं म्हणजे 60 महिने. तोवर रिकामे गेलेले 36. छत्तीस भागिले साठ गुणिले शंभर. "60 टक्के!" ती म्हणाली. स्वाध्यायातलं गणित सुटलं की होतो तसा आनंद झाला तिला. प्रकल्पात नावाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'पद रिक्त, 14 मार्च 2022 पासून.' बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली आणि वर्गात वाचूनही दाखवलं म्हणे.

मात्र एप्रिलमध्ये परीक्षेच्या आधी तिने ताईला विचारलं, "महानगरपालिकेची मुदत किती असं आलं तर पाच वर्षं लिहू की खरं लिहू?"

हा प्रश्न मला अजून टोचतो. कारण पुस्तक खोटं बोलत नव्हतं. 74 वी घटनादुरुस्ती 1992 ची, ती 1993 मध्ये लागू झाली. त्यात मुदत पाचच वर्षं आहे, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी असंही स्वच्छ लिहिलंय. स्पेक बरोबर होतं, गंडलं होतं ते प्रॉडक्शन. अशा वेळी आपण स्पेक बदलत नाही, बग टाकतो. ताईने तिला सांगितलं, "पाचच लिही, कारण नियम तोच आहे." बरोबर सांगितलं. पण अकरा वर्षांच्या पोरीने 'पुस्तकातलं' आणि 'खरं' असे दोन कप्पे करायला सुरुवात केली होती. वर्षाखेरीस वर्गाने शिकलेली ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. आणि एकदा ती सवय लागली की मोठेपणी मतदानाच्या दिवशी माणूस सरळ लोणावळ्याला जातो.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, मग मुदतवाढ मिळाली, आणि अखेर 15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महानगरपालिकांसाठी मतदान झालं. पुण्याचा हिशोब तीन वर्षं दहा महिने, म्हणजे 46 महिने. 60 पैकी 46, जवळजवळ 77 टक्के. एक अख्खी टर्म वर्गात बसून पाऊण टर्म गैरहजर राहण्यासारखं.

आता पुण्यात बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत: अ, ब, क, ड. मतदान करणाऱ्या बहुतेकांनी चार बटणं दाबली. यापुढे असा प्रकल्प मिळाला तर रकाना भरता येईल.

तर या वीकेंडला एक गृहपाठ. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि सगळी नावं लिहून काढा, गूगल न करता. मग बालभारतीच्या साइटवरून ते पुस्तक उतरवा आणि ते पाच पाठ वाचा. तासाभराचं काम आहे. आणि 60 महिन्यांचं घड्याळ पुन्हा सुरू झालंय, तेवढं कॅलेंडरवर टाकून ठेवा. टक्केवारी काढायला सोपं जाईल.