चाळीस सेकंदांचे चित्रवर्णन

नांदेड आणि लातूर या दोन शहरांत, परदेशी शिक्षणास अथवा नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी संभाषण शिकविण्याचे काम मी करतो. आणि या कामात ज्या एका प्रश्नाविषयी मला सर्वांत अधिक आस्था वाटत आली आहे, तो म्हणजे पडद्यावर दाखविलेल्या चित्राचे तोंडी वर्णन करण्याचा प्रश्न होय. या प्रश्नाशी गाठ पडली की बारावीस इंग्रजीत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थीही गडबडून जातो, आणि पालक त्याचे खापर ग्रामीण शाळेवर किंवा मराठी माध्यमावर फोडून मोकळे होतात. माझा अनुभव निराळा आहे. चित्र पाहून होण्यापूर्वीच बोलावयास लागण्याची जी सवय आम्ही शिकविणाऱ्यांनी त्याला लावली, तीच त्याला नडते.

परीक्षेचे स्वरूप प्रथम सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी ग्राह्य धरली जाणारी पीटीई ही परीक्षा 2009 साली सुरू झाली आणि ती सर्वस्वी संगणकावर घेतली जाते. कधी स्तंभालेख, कधी रेषालेख, कधी नकाशा, कधी एखाद्या प्रक्रियेची आकृती, तर कधी साधे छायाचित्र पडद्यावर येते. ते न्याहाळण्यास 25 सेकंद मिळतात, मग कानात बारीकसा ध्वनी उमटतो आणि पुढील 40 सेकंदांत जे काय सांगावयाचे ते सांगून टाकावे लागते. मध्येच तीन सेकंद स्तब्धता झाली तर ध्वनिमुद्रण बंद पडते. समोर मान डोलावणारा परीक्षक नाही. शेजारच्या खुर्च्यांवरील उमेदवार त्याच वेळी आपापल्या यंत्राशी बोलत असतात, आणि त्या कोलाहलात देवगिरी एक्स्प्रेसने हैदराबादेस आलेल्या नांदेडच्या मुलाने आपला आवाज स्थिर ठेवावयाचा असतो. गुण तीन गोष्टींना: आशय, ओघ आणि उच्चार.

यांपैकी ओघाच्या भयाने एक तोडगा सर्वत्र रूढ झाला, तो टेम्प्लेटचा. कोणतेही चित्र असो, ‘हे चित्र अमुक विषयाची अत्यंत उपयुक्त माहिती देते, यातील सर्वाधिक प्रमाण अमुक, सर्वांत कमी प्रमाण तमुक, आणि एकंदरीत ही माहिती फार महत्त्वाची आहे’ असा सांगाडा घोकून ठेवावयाचा आणि रिकाम्या जागी चित्रातील शब्द कोंबावयाचे. ज्या लातूरने दहावी-बारावीच्या परीक्षांना सराव आणि फेरसराव यांची शिस्त लावून दिली, त्या लातूरविषयी मला आदर आहे. जीभ वळण्यासाठी, श्वास पुरण्यासाठी, माइकचे भय जाण्यासाठी तीच शिस्त येथेही उपकारक ठरते. परंतु शिस्त जिभेस लावावयाची की नजरेस झापड बांधावयाची, हा विवेक सुटला म्हणजे मुलगा चित्राकडे पाहतो तो केवळ रिकाम्या जागा भरण्यापुरता.

मुखेड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. वार्षिक पर्जन्यमानाचा एक रेषालेख मी त्याच्यापुढे ठेवला असता त्याने सांगाडा घडाघडा म्हटला. सर्वाधिक आकडा सांगितला, सर्वांत कमी आकडा सांगितला आणि माहिती उपयुक्त असल्याचा निर्वाळा देऊन तो थांबला. मी त्याला म्हटले, “आता हेच मला मराठीत सांग, घरी सांगतोस तसं.” क्षणभर लेखाकडे पाहून तो म्हणाला, “सर, पयले दोन साल बरे हायेत. मधी तीन साल लागोपाठ पडलेत. अन् मंग एकाच साली एवढा झालाय की त्याचा काय उपेग, पिकं वाहूनच गेली आसतील.” आलेखाचा चढ-उतार, त्यातील अवधी, मधला खंड आणि त्याचा परिणाम, सारे या तीन वाक्यांत आले होते. हीच वाक्ये त्याच क्रमाने, लहान लहान क्रियापदांनिशी, आम्ही इंग्रजीत बसविली. त्यात एकही भारदस्त शब्द नव्हता आणि ती 40 सेकंदांच्या आत सहज संपली.

यावरून मी पंचनाम्याचा दाखला वर्गात नेहमी देऊ लागलो. घटनास्थळाचा पंचनामा लिहिताना जाणता हवालदार प्रथम जागा कोणती ते सांगतो, मग पूर्वेस काय, पश्चिमेस काय, अशा चतुःसीमा नोंदवितो, मग नजरेत भरणारी मुख्य वस्तू, मग तिच्याशी संबंध असलेल्या इतर वस्तू. आणि आपल्या पदरचे अनुमान मध्येच घुसडीत नाही. नकाशाचे वा छायाचित्राचे वर्णन याच क्रमाने केले की बोलणाऱ्यास पुढे काय सांगावे याची चिंता उरत नाही, कारण पुढचे वाक्य चित्रच पुरविते.

आकड्यांचा प्रश्न मात्र खराच अवघड आहे. आमची गणना लाख आणि कोटींत चालते, आलेखांवर मिलियन आणि बिलियन असतात. शिवाय मराठीत सत्तावीस म्हणताना एकक आधी आणि दशक मागून येतो, त्यामुळे घाईत 27 पाहून तोंडाने 72 म्हणणारे विद्यार्थी मी पुष्कळ ऐकले आहेत. (2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात वादंग माजले होते, त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे.) मी मुलांना सांगतो की सगळे आकडे वाचू नका. दोन निवडा, त्यांना पूर्णांकात आणा, आणि ‘दुप्पट’, ‘निम्मे’, ‘जवळजवळ तितकेच’ असा त्यांचा परस्परसंबंध सांगा.

ऑगस्ट 2025 पासून या परीक्षेत चित्रवर्णनाचा आशय यंत्राबरोबर माणसेही तपासू लागली आहेत, आणि घोकलेले सांगाडे हुडकणे हा त्यातील एक उघड हेतू आहे. या बदलाचे मी मनापासून स्वागत करतो. अनेक वर्गचालक नवे, अधिक गुप्त सांगाडे तयार करण्याच्या खटपटीस लागले आहेत. तो उद्योग मला निरर्थक वाटतो.

माझ्या वर्गात हल्ली चित्रे शक्यतो येथलीच असतात. मांजरा धरणाच्या साठ्याचा आलेख, गोदावरीच्या काठाने वसलेल्या नांदेडचा नकाशा, आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाणी घेऊन लातूरला आलेल्या रेल्वेचे छायाचित्र. त्या पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या आणि तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले, हे लातूरच्या मुलीस सांगावे लागत नाही. तिला सांगावे लागते ते एवढेच की टाक्यांचा रंग, रुळांची दिशा आणि फलाटावरची माणसे यांपैकी प्रथम काय घ्यावयाचे.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तरी बोलण्याचा सराव वर्गात क्वचितच होतो, आणि तो एकट्या इंग्रजीच्या शिक्षकाने करवून घ्यावा अशी अपेक्षाही रास्त नाही. दहावीच्या भूगोलात आलेख आणि नकाशे असतातच. भूगोलाच्या गुरुजींनी मुलास फळ्यापाशी उभे करून त्यातील एखादा आलेख मराठीतच, न थांबता, मिनिटभर सांगावयास लावावा, इतकी माझी विनंती आहे. तेवढी तयारी घेऊन तो माझ्याकडे आला की उरलेले काम मी करीन.