परक्याचा श्वास

मनुष्याच्या छातींत परक्याचें फुप्फुस प्रथम बसविलें तें जॅक्सनच्या डॉ. जेम्स हार्डी यांनीं, 11 जून 1963 रोजीं. रोगी 18 दिवस जगला. पुढील वीस वर्षांतले प्रयत्नही बहुतेक फसले. श्वासनलिकेचा सांधा भरून येत नसे. टोरांटोचे शस्त्रवैद्य जोएल कूपर यांनीं मग त्या सांध्याचाच पिच्छा पुरविला. कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांना आढळलें, कीं शरीरानें परका अवयव झिडकारूं नये म्हणून दिलेलीं स्टिरॉइड औषधेंच सांधा भरूं देत नाहींत. रक्षकच मारक! सायक्लोस्पोरिन आल्यावर तीं आवरतां आलीं. सांध्याभोंवतीं पोटांतील चरबीचा रक्तवाहिन्यांनीं भरलेला पदर गुंडाळण्यांत आला. 1983 सालीं त्यांनीं एक फुप्फुस बसविलेला रोगी सहा वर्षांहून अधिक जगला. 2008 पासून टोरांटोसच डॉ. शफ केशवजी व त्यांचे सहकारी काढलेलीं फुप्फुसें शरीराबाहेर तासन् तास श्वास घेत ठेवून पारखूं लागले. एरव्हीं टाकून दिलीं असतीं अशीं कित्येक त्यामुळें कामीं आलीं.

हें सारें पत्नीस सांगून मीं अवयवदानाचा अर्ज तिच्यापुढें ठेवला. ती म्हणाली, "तुमची छाती हलत असतांना मी हो कसें म्हणूं?" प्रश्न खोटा नव्हे. मेंदु मृत झाला तरी यंत्रानें छाती हलतेच, आणि होकार विचारतात तो घरच्यांना. त्या घटकेस समजूत घालायला मी नसणार. म्हणून हल्लीं सायंकाळीं आमचें बोलणें याच विषयावर येऊन ठेपतें.