वर्कशॉपच्या विजेचा हिशेब

मंडळी, निवृत्तीनंतर कोणाला भजनाची गोडी लागते, मला रंध्याची लागली. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पूर्वी भाडेकरूचे दोन लूम चालत. ती रिकामी झाली तेव्हा तिथे सुतारकाम मांडायचं ठरवलं. नातूही येऊन बसणार, हे गृहीतच होतं.

आधी वहीत बेरीज मांडली. एक हॉर्सपॉवरची लेथ, म्हणजे ७४६ वॅट. पण मोटर तेवढं काम द्यायला ओढते हजाराच्या आसपास. चक्री करवत १४००, ड्रिल ६००, ग्राइंडर ७००, भुसा ओढणारा व्हॅक्यूम १२००, दिवे-पंखा १५०. झाले ५०५० वॅट. वायरमन म्हणाला, "साहेब, लोड वाढवून घ्या." म्हटलं, थांब. सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत. माणूस एकटा, हात दोन. जास्तीत जास्त करवत, व्हॅक्यूम आणि दिवे एकत्र चालतील: २७५० वॅट, २३० व्होल्टवर बारा-तेरा अँपिअर. बिलावरचा मंजूर भार पाहिला, घरचा वापर मिळवला, बसत होतं.

मात्र मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. मेन बोर्डापासून खोली वीस मीटर. म्हणून अडीचऐवजी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली. दिव्यांची लाइन वेगळी ठेवली. करवतीचा एमसीबी पडला आणि पातं फिरत असताना अंधार झाला, तर काय करणार?

खरा वाद झाला स्टार्टरवरून. वायरमनचं म्हणणं, साधा खटका पुरे. मला मात्र शेजारच्या लूमवाल्यांकडचा एक तरुण विणकर आठवला. वीज गेली, तो तुटलेला ताणा सांधायला वाकला, खटका चालूच होता. वीज आली तसा लूम सुरू झाला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. आमच्याच शाखेत त्याचं खातं होतं. डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून नवं नमुना सहीचं कार्ड करावं लागलं. ते मीच भरून घेतलं. पोरगा पंचविशीचाही नव्हता हो.

त्यामुळे लेथ आणि करवत दोन्हींना नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर बसवला. वीज गेली की तो सुटतो. परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी असताना हा कशाला, असं सौ.ने विचारलं. एमसीबी वायरीला जपतो. सोळा अँपिअरचा एमसीबी पडायची वाट पाहिली तर माणूस केव्हाच गेलेला असेल.

अर्थिंग नवी केली. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, जमीन भाकरीसारखी भाजून निघते. कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतीच उरते, म्हणून खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालतो. तुळशीनंतरची दुसरी बादली तिथे.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम नातवाकडे आहे. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला की तो बोर्डाकडे पळतो. खट्‌ आवाज झाला की ओरडून सांगतो, "आबा, पडला!"